सतराव्या रोज्याची संकष्टी

मोरोक्कोत रमजान जवळ आला की आधी घड्याळं मागे जातात. २०१८ पासून हा देश वर्षभर ग्रिनिचच्या एक तास पुढे राहतो. रमजानच्या तोंडावर एका रविवारी तो हा तास परत करतो आणि ईद होऊन गेली की पुन्हा घेतो. सूर्याला याचा पत्ता नसतो. उपास तेवढाच लांब, तहान तेवढीच. पण पावणेआठला मावळणारा सूर्य घड्याळात पावणेसातला मावळतो आणि दिवसभर कोरड्या तोंडाने बसलेल्या माणसाला एक तास फुकटात मिळाल्याचं समाधान होतं. सरकारी कचेऱ्याही नऊला उघडून तीनला मिटतात. एरवी या पुढे नेलेल्या तासावर तिथे सतत कुरकुर चालू असते. हिवाळ्यात पोरांना अंधारात शाळेला जावं लागतं म्हणून आया वैतागतात. रमजानातल्या तासाबद्दल मात्र कुणाची तक्रार मी ऐकली नाही. भुकेसाठी अख्ख्या देशाची घड्याळं फिरवायची, हा सरकारी निर्णय मला तरी आवडला.

घड्याळाच्या बाबतीत इतका सैल असलेला हा देश चंद्राच्या बाबतीत मात्र कमालीचा हट्टी आहे. शाबान महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी धर्मखात्याची माणसं देशात ठिकठिकाणी उभी राहून नुसत्या डोळ्यांनी कोर शोधतात. दिसली तर उद्या रोजा, नाही दिसली तर शाबानचे तीस दिवस पुरे करायचे. सौदी अरेबियात कोर दिसल्याची बातमी आली म्हणून इथे कुणी हलत नाही. २०२४ साली मक्केत रमजान ११ मार्चला लागला, रबातला १२ मार्चला. आमच्या घरमालकीणबाईंचा धाकटा मुलगा ब्रसेल्सला असतो. त्याने अकरालाच रोजा धरला. फोनवर आईने विचारलं, "तुझा चंद्र कुठला?" तो म्हणाला, "मशिदीने सांगितलेला." बाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघ, पोटच्या पोराचा चंद्र वेगळा झाला." हे त्या हसत म्हणाल्या, पण अगदीच हसण्यावारी नव्हतं.

मी कामाला रबातला होते आणि राहायला सलेला. दोन्ही शहरांच्या मध्ये फक्त बू रेग्रेग नदी. २०११ पासून ट्राम आहे, ती पुलावरून जाते आणि पलीकडच्या काठावर हसन मिनार दिसत राहतो. याकूब अल-मन्सूर या सुलतानाने तो बांधायला काढला, ११९९ मध्ये सुलतान गेला आणि मिनार होता तिथेच थांबला. रबात राजधानी, म्हणून रुंद रस्ते, झाडं, दूतावास. सलेत भाडं कमी. सले एके काळी समुद्री चाच्यांचं गाव होतं. बेटावर पोचण्याच्या कितीतरी आधी रॉबिन्सन क्रूसो पकडला जातो तो याच सलेच्या चाच्यांकडून. माझी खोली मदिनेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली चौक, चौकाभोवती घरमालकांचं बिऱ्हाड. गच्चीवर जायचा जिना माझ्या दारावरून जायचा, त्यामुळे वाळत घातलेले कपडे काढायला येणारं प्रत्येक माणूस माझ्या कढईत काय शिजतंय ते विचारून मगच वर जायचं.

घरात पाच माणसं. घरमालकीणबाई, म्हणजे मक्केला जाऊन आलेल्या आजीबाई, ज्यांना सगळे हाज्जा म्हणत. त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, जिला मी लल्ला म्हणायचे, आपल्या 'ताई'सारखं. इतिहासाचे मास्तर असलेले जावई. कॉलेजात जाणारी नात आणि नऊ वर्षांचा नातू. हाज्जांना अरबीची तिथली बोली सोडून काही येत नव्हतं, मला ती बोली जेमतेम. लल्ला फ्रेंचमधून दुवा साधायची आणि अडलं की नात हिंदी सिनेमांतून उचललेले शब्द पुढे करायची. या शब्दांचा स्वयंपाकघरात उपयोग शून्य. जन्मजन्मांतरीचं नातं सांगता येतं, जिरं कुठे ठेवलंय ते विचारता येत नाही.

रमजानात तिथे जो तो परक्या माणसाला एकच गोष्ट विचारतो: उपास धरलाय का? भाजीवाला विचारतो, टॅक्सीवाला विचारतो, ट्राममध्ये शेजारी बसलेली बाई विचारते. मुसलमान म्हणून ओळखला जाणारा माणूस रमजानात दिवसाढवळ्या चारचौघांत खाताना दिसला तर दंडविधानाच्या २२२व्या कलमाखाली त्याला शिक्षा होऊ शकते. मला हे कलम लागू नव्हतं. तरी सगळं गाव तहानलेलं असताना रस्त्यात बाटली तोंडाला लावणं जमत नाहीच, दार लावून प्यायची सवय होते. हाज्जांनी मात्र मला हा प्रश्न कधी केला नाही. रोज मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, पोराच्या हाती वाडगाभर काहीतरी वर पाठवायच्या आणि वाडगा रिकामा परत आला की नाही, एवढंच बघायच्या.

मग एक दिवस हुकूम आला: गुरुवारी खाली जेवायला. मी हो म्हटलं आणि वर येऊन फोन बघितला तर आईचा निरोप: गुरुवारी संकष्टी आहे, लक्षात ठेव.

मी काही फार देवाधर्माची नाही. एकादशी नाही, सोमवार नाही, चातुर्मासातलं काहीच नाही. संकष्टी तेवढी राहिली, ती आजीमुळे. सांगलीला आमच्या लहानपणी आजी अंगणात खुर्ची टाकून चंद्राची वाट बघायची आणि ढग असले की कालनिर्णयाच्या पानावर बोट ठेवून म्हणायची, "नऊ सतरा. झाला असेल वर." ती गेल्यावर संकष्टी आपोआप माझ्याकडे आली. घरातली एखादी जुनी वस्तू जिच्या वाट्याला येते तिने ती ठेवायची, इतकाच त्याचा धर्म.

खाली जाऊन लल्लाला सांगितलं. आम्ही दिवसभर उपास करतो आणि चंद्र दिसल्यावर सोडतो, तेव्हा संध्याकाळी तुमच्याबरोबर बसेन पण जेवता येणार नाही, दुसऱ्या दिवशी येऊ का? लल्लाने ते आईला सांगितलं. हाज्जांना 'दुसऱ्या दिवशी' वगैरे ऐकूच आलं नाही.

"कुठला चंद्र?" त्यांनी विचारलं.

"पौर्णिमेनंतर चौथ्या दिवसाचा."

हाज्जांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे आमचा सतरावा रोजा."

मला हे जन्मात सुचलं नव्हतं. अमावास्येनंतर कोर दिसली की त्यांचा महिना सुरू, चौदा-पंधराला पौर्णिमा, तिच्यामागून तीन-चार दिवसांनी संकष्टी. म्हणजे रमजान उन्हाळ्यात येवो की थंडीत, प्रत्येक रमजानच्या पोटात एक संकष्टी असतेच. तारीख एखाद-दुसऱ्या दिवसाने मागेपुढे होईल, पण चुकणार नाही. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आपला पंचांगकर्ता तीच तूट साठवून ठेवतो आणि अधिकमास घालून भरून काढतो. त्यांनी ती भरली नाही, वाहू दिली, म्हणून त्यांचा उपास साऱ्या ऋतूंमधून फिरतो आणि आपली होळी होळीच्या जागी राहते. चंद्र दोघांचा एकच. कालनिर्णयाच्या त्याच पानांवर संकष्टी आणि रमजान दोन्ही छापलेले असतात आणि मी आयुष्यभर ती पानं उलटत आले होते.

"मग ये," हाज्जा म्हणाल्या. "आमची भूक आधी मिटेल, तुझी नंतर. बसायला काय हरकत आहे?"

गुरुवारी दुपारी चारला दहा कमी असताना आईचा फोन आला. सांगलीत रात्रीचे नऊ वीस झाले होते.

"अगं, चंद्र दिसला. आमचं पान वाढून झालं. तूही आता काहीतरी खाऊन घे."

"आई, इथे अजून ऊन आहे."

"असू दे की. पत्रिका सांगलीची आहे ना तुझी?"

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो तसाच खाली नेला. हाज्जा भिजवलेल्या हरभऱ्यांची सालं चोळून काढत चौकात बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऊज्दाला अज़ान आपल्या आधी वीस मिनिटं होते. ती ऐकून सलेत कुणी तोंडात खजूर टाकलेला पाहिलायस?"

ऊज्दा हे देशाच्या पूर्व टोकाचं शहर, अल्जीरियाच्या सीमेजवळचं. तिथे सूर्य आधी बुडतो. टीव्हीवरच्या अज़ानच्या वेळीसुद्धा बजावून सांगतात, ही वेळ रबात, सले आणि आसपासच्या भागाची आहे, बाकीच्यांनी आपापली बघावी. तेव्हा निकाल लागला. आईला कळवलं की इथल्या चंद्राला रात्रीचे दहा वाजतील. ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळंच उशिरा."

हरीरा हे तिथल्या रमजानचं मुख्य पक्वान्न. पक्वान्न म्हणजे एक दाट सूप: टोमॅटो, हरभरे, मसूर, पार्स्ले, कोथिंबीर, सेलरीची पानं, आलं, मिरी, दालचिनी, मूठभर शेवया आणि स्मेन, म्हणजे मीठ घालून मुरवलेलं उग्र वासाचं लोणी. बहुतेक घरांत मांसाचे बारीक तुकडेही पडतात. माझ्यासाठी वेगळं पातेलं होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी पिठाचं पातळ मिश्रण सोडायचं आणि ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. ते काम मला दिलं होतं. ढवळता ढवळता हाज्जांनी विचारलं, दिवसभर काय केलंस?

मी सांगितलं. सकाळी चहा. दुपारी घरून आणलेल्या साबुदाण्याची खिचडी, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि बटाटा. नंतर केळं. मग पुन्हा चहा.

लल्लाने भाषांतर केलं. चौकात शांतता पसरली. मग हाज्जा इतक्या हसल्या की त्यांना मांडीवरचं ताट खाली ठेवावं लागलं.

आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं आपणच म्हणतो, तेव्हा मी अपमान वगैरे मानून घेतला नाही. पण आमच्या उपासात अन्न बंद नसतं, काही अन्नं बंद असतात, हे तिसऱ्या माणसाला समजावून सांगताना त्याचा बचाव फार लंगडा होतो. भात नाही, पण वरी चालते. गहू नाही, बटाटा चालतो. का? तर चालतो. खरी गंमत वेगळीच. आमच्या उपासाच्या ताटातले मानकरी म्हणजे बटाटा, शेंगदाणा आणि ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तो कसावा. हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले आणि मिरचीही तिथलीच. कोलंबसाच्या आधी आमचे पूर्वज उपासाला काय खात असतील? हरीरातला टोमॅटोही त्याच जहाजांतून आलेला. म्हणजे सनातन म्हणून आपण दोघींनी पुढ्यात ठेवलेल्या दोन्ही पदार्थांच्या आजच्या रूपाचं वय चार-पाचशे वर्षांच्या पुढे जात नाही. हे सगळं मी लल्लाला फ्रेंचमधून सांगितलं. तिने ते आईपर्यंत पोचवलं नाही, बहुतेक मुद्दामच.

इतक्यात नातू आला. तो पूर्ण रोज्याच्या वयाचा नव्हता. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत अर्धा दिवस धरायचा आणि दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी जेवणानंतर मगरिबपर्यंतचा दुसरा अर्धा. दोन्ही अर्धे आजी शिवून एक रोजा करून द्यायची, असा त्यांचा करार होता. तिथल्या पुष्कळ आज्या नातवंडांना अशा शिवलेल्या रोज्यांनी सुरुवात करून देतात आणि पहिला सबंध रोजा झाला की मग कौतुक, नवे कपडे, फोटो. हाज्जांनी त्याला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिचाही शिवायला लागणार आहे."

खरी अडचण पुढे आली. हरीरात मीठ घातलं, पण चाखायचं कुणी? रमजानात रांधणाऱ्या बाईची ही रोजचीच पंचाईत. काहीजणी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात, हाज्जांना ते पसंत नव्हतं. एरवी मीठ बघायचं काम माझं असायचं. लल्ला गच्चीच्या जिन्यातून हाक मारायची आणि मी चमचा घेऊन खाली यायचे. या घरातलं माझं तेवढंच अधिकृत पद होतं. आज हरीरातल्या डाळी-शेवयांमुळे मीही बाद. सगळ्यांनी पोराकडे पाहिलं. तो जेवणानंतरच्या अर्ध्यात होता. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि मान हलवली.

"एक थेंब," लल्ला म्हणाली.

"टाका उसवेल," पोरगा म्हणाला.

आजीला यावर बोलायला जागा राहिली नाही. हरीरा अंदाजानेच झाला.

सहानंतर मदिनेतल्या गल्ल्या बदलतात. पाव आणायला गेलेले लोक पळत परततात, स्कूटरवाले एकमेकांवर ओरडतात, क्षुल्लक कारणावरून हमरीतुमरी होते. भुकेने आणि सिगारेटवाचून आलेल्या या चिडचिडीला तिथे 'त्रमदीना' असं खास नाव आहे आणि त्या नावाखाली पुष्कळ काही माफ होतं. साडेसहापासून एकेक आवाज बंद होत जातो. टॅक्सी नाही, माणूस नाही. मांजरंच काय ती.

टेबलावर एव्हाना सगळं मांडून झालं होतं. खजूर, दूध, उकडलेली अंडी आणि त्यांच्याबरोबर वाटीत जिरेपूड नि मीठ, म्सेमनच्या घडीच्या पोळ्या, सहस्र छिद्रांचे बगरीर, आणि शेबाकिया, म्हणजे पिठाच्या पट्ट्यांची फुलं तळून मधात बुडवलेली आणि वर तीळ. तिखट-आंबट हरीराबरोबर ही मधातली फुलं एकाआड एक खातात. जावई मास्तर हातात खजूर धरून बसले होते. टीव्हीवर कुराणपठण. पोरगा घड्याळाकडे.

सायरन झाला आणि त्याच्या मागोमाग अज़ान. बिस्मिल्लाह म्हणून प्रत्येकाने खजूर तोंडात टाकला, दुधाचा घोट घेतला. मीही घेतला. खजूर आणि दूध दोन्ही माझ्या उपासाला चालत होती. ज्याने त्यांचा उपास सुटला ते माझं फराळाचं होतं. एकच घास, त्यांच्या तोंडात तो शेवट होता आणि माझ्या तोंडात मधला टप्पा.

मग पाच-सात मिनिटं कुणीही बोललं नाही. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण वाडगा नेहमी वर यायचा. इफ्तार म्हटलं की आपल्याकडे डोक्यावर उसनी टोपी घालून कॅमेऱ्याकडे बघणारे पुढारी आठवतात. तिथे कुणी खात असलेलं मला तरी आठवत नाही. इथे फक्त खाणं होतं. लाकडी चमच्यांचा आवाज, पोळी मोडल्याचा आवाज. हाज्जा अगदी सावकाश, डोळे अर्धवट मिटून. मास्तरांच्या कपाळावरची दिवसभराची आठी दुसऱ्या वाडग्याच्या मध्यावर गेली, ती जाताना मला दिसली. मला भूक लागली होती, खिचडी कधीच जिरून गेली होती आणि समोर हरीराची वाफ येत होती. एरवी या टेबलाशी बसले असते तर त्यांच्या भुकेपुढे माझं भरलेलं पोट मला खुपलं असतं. जेवणात वाटेकरी होता येतं, तहानेत नाही. आता मी निदान रांगेत होते, थोडी मागे. लल्लाने माझ्यासमोर रिकामा वाडगा आणि चमचा मांडला होता. तो तिने शेवटपर्यंत उचलला नाही.

पहिलं वाक्य मास्तरांचं. "मीठ कमी आहे."

सगळ्यांनी पोराकडे पाहिलं. तो बगरीरवर मध ओतत होता.

चहा आल्यावर जिभा सुटल्या. टीव्हीवर रमजानच्या मालिका सुरू झाल्या. या खास इफ्तारच्या वेळेला लागणाऱ्या विनोदी मालिकांना देशभर सगळे नावं ठेवतात आणि सगळे बघतात. मास्तरांनी आवाज कमी केला आणि मला विचारलं, "तुमचे लोक मांस खात नाहीत, हे इब्न बतूताने लिहून ठेवलंय, माहीत आहे का?" इब्न बतूता टँजियरचा. १३२५ साली घर सोडलं आणि परत आल्यावर सगळा प्रवास सांगून लिहवून घेतला. ते काम १३५५ मध्ये फेसला पुरं झालं. मला त्याचा तुघलक आणि दौलताबाद ठाऊक होता. मास्तर म्हणाले, दौलताबादहून पुढे तो नंदुरबारला गेला. तिथल्या मराठ्यांबद्दल लिहितो की त्यांच्यातले वरच्या कुळांतले लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जीव मारणं त्यांना आवडत नाही आणि जेवणाआधी ते आंघोळ करतात. नंदुरबारच्या पंगतीची बातमी मला सलेत कळली. सातशे वर्षांपूर्वी एका मोरोक्कन माणसाने मराठी माणसाच्या ताटात वाकून पाहिलं होतं. जिन्यावरून जाताना माझ्या कढईत डोकावणाऱ्या या घराला ती परंपराच होती म्हणायची. सगळे मराठे असे नव्हेत, मांस खाणारे ढिगाने होते आणि आहेत, हेही मी सांगितलं. मास्तर म्हणाले, "प्रवासी जिथे जेवतो तेवढंच लिहितो."

इशाच्या नमाजाला ते मशिदीत गेले, पाठोपाठ तरावीहची लांबलचक नमाज असते. हाज्जांनी घरातच चटई अंथरली. भांडी आवरून साडेनऊच्या पुढे आम्ही गच्चीवर गेलो. लल्ला, नात, पोरगा आणि मी. हाज्जा गुडघ्यांमुळे मागून, एकेक पायरी.

सलेच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यांवर दोऱ्या, डिश अँटेना, पाण्याच्या टाक्या. रमजानात गाव या वेळेला दिवसापेक्षा जास्त जागं असतं. खालून चहाच्या दुकानातला गलका येत होता. लल्लाने जरा चाचरत विचारलं, "तुम्ही चंद्राची पूजा करता का?"

मी म्हटलं, नाही. उपास गणपतीचा. चंद्र फक्त वेळ सांगतो.

हे ऐकून तिचा चेहरा मोकळा झाला. हाज्जा पायरीवरूनच म्हणाल्या की चंद्रकोरी माणसांना वेळ कळावी म्हणून आहेत, हे कुराणातच आहे. मी म्हटलेलं तसं पूर्ण खरं नव्हतं. आजी अर्घ्य द्यायची. पण मी देत नाही, नुसते हात जोडते, आणि त्या वेळी गच्चीवर धर्मशास्त्राचा काथ्याकूट नको होता. त्याऐवजी पोराला गोष्ट सांगितली: गणपती उंदरावरून पडला, चंद्र हसला, गणपतीने त्याला शाप दिला की तुझं तोंड कुणी बघणार नाही. चंद्र गयावया करू लागला, तेव्हा शाप वर्षातल्या एका रात्रीपुरता उरला. पोरगा विचारात पडला.

"पण तुझा देव उंदरावर बसतो म्हणजे पडणारच ना?"

"हो."

"मग चंद्राची काय चूक?"

नातीने फोनवर दिशा बघितली होती. चंद्र पूर्वेला न उगवता बराच दक्षिणेकडे सरकून येणार होता. दहा वाजून गेले. शेजारच्या गच्चीवरची बाई कपडे काढायला आली आणि आम्ही कशाची वाट बघतोय ते कळल्यावर कपडे तसेच टाकून थांबली. पाच बायका-मुलं सतराव्या रात्री चंद्र शोधत उभी आहेत हे तिला चमत्कारिक वाटलं असणार, तिथे चंद्र शोधायचा तो पहिल्या रात्री. टाक्यांच्या मागून एक तांबूस, एका बाजूने खाल्लेला तुकडा वर आला. शेजारणीनेच आधी पाहिला. मी हात जोडले. हाज्जा माझ्याकडे न बघता पोराची टोपी नीट करत होत्या.

खाली आल्यावर लल्लाने माझं पातेलं गरम केलं. मशिदीतून मास्तर परतले होते. त्यांचीही रात्रीच्या जेवणाची वेळ झालीच होती, म्हणून सगळेच पुन्हा टेबलाशी बसले. मी पहिला चमचा घेतला. मीठ खरंच कमी होतं. बरंच कमी. अंड्यांसाठी ठेवलेल्या वाटीतलं मीठ घातलं, जिरेपूडही त्यात आली आणि हरीरा बहुतेक जास्तच चांगला लागला. शेबाकिया खाल्ल्या. शेवटी हाज्जांनी सेल्लू आणला: भाजलेली कणीक, बदाम, तीळ, बडीशेप, लोणी आणि मध यांचा चुरा, चमच्याने खायचा. बाळंतिणीलाही तो देतात, ताकद भरून यावी म्हणून. डिंकाच्या लाडवांचं काम तिकडे सेल्लू करतो. त्यांनी मला कागदात बांधून दिला, आईसाठी. आई सांगलीला आहे, हे त्यांना माहीत होतं. "कधी जाशील तेव्हा ने, हा टिकतो," म्हणाल्या.

नातीने तोवर फोनवर पुढच्या वर्षाचा हिशोब काढला होता. रमजान आणखी अलीकडे येईल, मार्चच्या अगदी सुरुवातीला, आणि माझी चतुर्थी त्याच्या पोटात सोळा-सतराच्या आसपास पुन्हा असेल.

"मग ठरलं," हाज्जा म्हणाल्या. "त्या दिवशी तू खालीच ये. आणि येताना उपास नसलेलं कुणीतरी बरोबर आण. मीठ बघायला."